शिक्रा का बेसरा? आधी बुलबुलाला विचारा

आपल्याकडं वाकड्या चोचीचं काहीही उडालं की लोक एकतर घार म्हणतात नाहीतर ससाणा म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. पण तुमच्या गल्लीतल्या गुलमोहरावर, कोल्हापुरात विद्यापीठाच्या झाडीत, रंकाळ्याच्या कडेला, अगदी शाळेच्या मैदानामागच्या निलगिरीवर जो पारव्याएवढा राखाडी शिकारी बसतो ना, तो घारही नाही आणि ससाणाही नाही. तो शिक्रा. आणि एकदा शिक्रा नीट ओळखता आला की मग दाजीपूर, आंबा, गगनबावड्याच्या जंगलात त्याचे जे लपून राहणारे भाऊबंद आहेत, बेसरा, शेंडीवाला गॉसहॉक आणि हिवाळ्यात येणारा स्पॅरोहॉक, त्यांच्यापर्यंत जाता येतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय, कारण मला सुरुवातीला कुणी असं सांगितलं नव्हतं आणि पुस्तकातली चित्रं बघून मी बराच गोंधळलो होतो.

पहिली गोष्ट म्हणजे या पक्ष्यांना डोळ्यांनी हुडकायला जाऊ नका. कानानं हुडका. हे पक्षी आकाशात गोल गोल फिरून आपल्याला दर्शन देत बसत नाहीत (कधीतरी सकाळी दहा-अकराच्या उन्हात वर चढतात, पण थोडाच वेळ), ते पानांच्या आड फांदीवर गप्प बसतात, खोडाला चिकटून, आणि वाट बघतात. तुम्ही खालून दहा वेळा गेला तरी दिसणार नाहीत. पण बुलबुलाला दिसतात, खारीला दिसतात, सातभाईंना तर पहिल्यांदा दिसतात. सकाळी झाडीत किलबिल चाललेली असते आणि एकदम सगळं चिडीचूप होतं, किंवा उलटं, एकाच झाडाभोवती बुलबुल, दयाळ, शिंजीर, कोतवाल सगळे जमून कर्कश ओरडायला लागतात, तेव्हा समजायचं की तिथं काहीतरी आहे. घुबड असेल, साप असेल, मांजर असेल, किंवा शिक्रा असेल. खार शेपटी झटकत एका जागी उभी राहून एकाच दिशेला तोंड करून चिर्र चिर्र करत असेल तर ती कुठं बघतीय ते बघा आणि तिच्या नजरेच्या रेषेत दुर्बीण लावा. मला आजवर जितके शिक्रे दिसले त्यातले निम्म्याहून जास्त असे दुसऱ्यांनी दाखवलेत.

एक धोका मात्र आहे. भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला चकत्या असलेला तो जंगलातला कोतवाल, तो शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो. दाजीपूरला जाऊन नुसता आवाज ऐकून वहीत शिक्रा लिहायचा नाही. पक्षी बघायचा मगच लिहायचं.

आता दिसला, तर पुढं काय. नवीन माणूस पहिल्यांदा रंग बघतो आणि तिथंच फसतो, कारण या कुळात नराचा रंग वेगळा, मादीचा वेगळा, पिल्लाचा अगदीच वेगळा आणि वर सावलीत सगळेच तपकिरी दिसतात. आधी ठेवण बघा. पंख आखूड आणि टोकाला गोलसर, शेपूट लांब, पाय लांब आणि बारीक. ही ठेवण उगीच नाही, झाडीत पाखराच्या मागं लागायचं म्हणजे फांद्यांमधनं वळणं घ्यावी लागतात, लांब पंख असले तर अडकतील, आणि लांब शेपूट म्हणजे सुकाणू, पटकन वळायला आणि पटकन थांबायला. लांब पाय आणि त्यातही लांब मधलं बोट हे पळणारं पाखरू पिसांच्या आतपर्यंत घट्ट धरायला. बसलेला असताना पंखांची टोकं शेपटीवर कुठपर्यंत येतात ते बघायची सवय लावून घ्या, ही एकच सवय लई कामाची आहे. या कुळात टोकं शेपटीच्या साधारण निम्म्यापर्यंत किंवा त्याच्या आतच राहतात. घार, तीसा, कापशी या दुसऱ्या शिकारी पक्ष्यांचे पंख बसल्यावर शेपटीच्या टोकाजवळ पोचतात. मसाई पठारावर किंवा माळावर तारेच्या खांबावर बसलेला तीसा लोक हमखास शिक्रा म्हणून फोटोत टाकतात, त्याच्याही गळ्यावर रेघा असतात म्हणून, पण त्याचा डोळा पांढरट आणि पंख लांब. तिथंच फरक कळतो.

उडण्याची पद्धतही ठरलेली आहे. चार-पाच वेळा भराभर पंख मारायचे, मग जरा तरंगत जायचं, परत चार-पाच. आणि जमिनीपासनं फार वर नाही, कुंपणाच्या उंचीनं, घरांच्या मधल्या बोळातनं, आणि शेवटी एकदम वर उसळी घेऊन फांदीवर. हे एकदा डोळ्यात बसलं की मोटारसायकलवरनं जाता जाता सुद्धा ओळखू येतो.

ससाणा वेगळा कसा तेही इथंच सांगतो कारण हा गोंधळ सगळ्यात जुना आहे. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार, तो मोकळ्या आकाशात वेगानं मारा करतो आणि वरच्या चोचीला दातासारखा खाचेचा कोन असतो, त्यानं तो शिकारीची मान तोडतो. शिक्रा आणि त्याचे भाऊबंद मारतात ते पायांनी, नख्या आत रुतवून आणि दाबून. आणि आता डीएनएच्या अभ्यासातनं असं पक्कं झालंय की ससाणे हे नात्यानं शिक्र्यापेक्षा पोपटांच्या जास्त जवळचे आहेत. वाकडी चोच दोघांना आली ती कामामुळं, रक्तामुळं नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातनं जात नव्हतं.

बरं, शिक्रा. पूर्ण वाढलेला नर वरनं निळसर राखाडी, खालून पांढऱ्यावर विटकरी रंगाच्या अगदी बारीक आडव्या रेघा, डोळा लालभडक. मादी नरापेक्षा मोठी, वरनं जरा तपकिरीकडं झुकणारी, डोळा पिवळा ते नारिंगी. गळ्यावर मधोमध एक उभी रेघ असते पण मोठ्या पक्ष्यात ती फिकट, करडी, पुष्कळदा दिसतही नाही. नर वरनं उडत गेला तर पंख खालून पांढरट आणि टोकं तेवढी काळपट दिसतात. आवाज टि-टू टि-टू असा दोन तुकड्यांत, धारदार, आणि फेब्रुवारी-मार्चला जोडी जमायच्या दिवसांत तो इतक्या वेळा ऐकू येतो की शहरातसुद्धा लक्ष दिलं तर सकाळी चहा घेता घेता ऐकायला मिळेल.

इथवर सोपं आहे. खरी परीक्षा पिल्लाची. आणि ही जागा अशी आहे की चांगल्या चांगल्यांची वही इथं चुकते, माझी तर दोन वर्षं चुकत होती. पहिल्या वर्षातला शिक्रा वरनं तपकिरी असतो, छातीवर थेंबांसारखे तपकिरी उभे फराटे आणि गळ्यावर ठळक काळी उभी रेघ. पुस्तकात बेसऱ्याच्या चित्राखाली काय लिहिलेलं असतं? गळ्यावर ठळक उभी रेघ, छातीवर फराटे. झालं, माणूस विद्यापीठातल्या झाडावर बसलेलं शिक्र्याचं पोर बघतो आणि बेसरा दिसला म्हणून ग्रुपवर फोटो टाकतो. मीही टाकले. एका जाणत्यानं मला एवढंच विचारलं की शेपटीचे पट्टे मोजलेस का, आणि मी ते बघितलेच नव्हते.

तर शेपूट बघायची. बेसऱ्याच्या शेपटीवर काळे पट्टे रुंद असतात, मधल्या फिक्या पट्ट्याएवढेच किंवा त्याहून जाड, आणि संख्येनं थोडे. शिक्र्याच्या पोराच्या शेपटीवर पट्टे बारीक आणि जास्त, मधली फिकी जागा मोठी. मोठ्या शिक्र्याची तर मधली पिसं जवळजवळ कोरी राखाडी असतात. दुसरं, पंखांची खालची बाजू. बेसऱ्याचा पंख खालून पूर्ण पट्ट्यापट्ट्यांचा, गच्च भरलेला. शिक्र्याचा फिकट, मोकळा. तिसरं, तोंड. शिक्र्याच्या पोराला डोळ्यावर फिकट भुवई असते त्यामुळं ते जरा भोळं दिसतं, बेसऱ्याचं डोकं गडद आणि भुवई नाही म्हटली तरी चालेल. मोठा बेसरा वरनं इतका गडद पाटीसारखा असतो की सावलीत काळाच वाटतो, आणि त्याच्या छातीवर मध्ये उभे फराटे आणि बाजूला व खाली विटकरी आडवे पट्टे असं दोन्ही एकत्र असतं. फराटे आणि पट्टे एकाच अंगावर आणि वरनं तो काळोखा रंग, हे दिसलं की मग गळ्याच्या रेघेला किंमत द्या, आधी नाही.

आणि जागा बघा. बेसरा गच्च जंगलातला. दाजीपूरच्या, आंब्याच्या, तिलारीकडच्या सदाहरित झाडीत, ओढ्याच्या कडेनं, तेही दिसलं तर क्षणभर. गावातल्या आंब्याच्या झाडावर आरामात दहा मिनिटं बसून फोटो काढू देणारा बेसरा असण्यापेक्षा तो शिक्र्याचं पोर असण्याची शक्यता कितीतरी जास्त. जागेवरनं पक्षी ठरवू नये हे मला मान्य आहे, पण जागा विसरूनही ठरवू नये.

शेंडीवाला गॉसहॉक मात्र जरा दांडगा. राधानगरी अभयारण्यात रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत सकाळी ऊन चढायला लागलं की वर बघत थांबायचं. बसलेला असताना डोक्यामागं छोटी शेंडी दिसते, पण नेहमीच दिसेल असं नाही. पाय बघा, बेसऱ्याचे पाय काडीसारखे, याचे जाडजूड. गळ्यावर ठळक रेघ याच्याही आहे. पंख इतके आखूड की बसल्यावर टोकं शेपटीच्या मुळापाशीच संपतात. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे त्याचं मिरवणं, शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला पांढरी मऊ पिसं असतात ती फुगवून दोन्ही बाजूंनी बाहेर काढतो, खालून बघणाऱ्याला वाटतं शेपटीला कापूस लावलाय, आणि पंख खाली धरून थरथरवत जंगलावरनं जातो. हे एकदा दिसलं की बाकी कुठल्या खुणेची गरज राहत नाही.

उडत्या पक्ष्याचा फोटो मिळाला असेल तर अजून एक पक्कं काम करता येतं. पंखाच्या टोकाला बोटांसारखी सुटी पिसं दिसतात ती मोजा. शिक्रा आणि बेसरा पाच बोटांचे. स्पॅरोहॉक आणि शेंडीवाला गॉसहॉक सहा बोटांचे. मोबाईलच्या फोटोत होणार नाही, पण कॅमेऱ्यानं भराभर आठ-दहा फोटो ओढले तर एखाद्यात पंख पूर्ण पसरलेला मिळतोच.

स्पॅरोहॉक थंडीचा पाहुणा, साधारण ऑक्टोबर ते मार्च, आणि आपल्याकडं शिक्र्याच्या मानानं फारच थोडा. गळ्यावर उभी रेघ नसते ही त्याची मोठी खूण. नराचे गाल विटकरी, मादीला पांढरी बारीक भुवई आणि खालनं राखाडी-तपकिरी पट्टे. हा मात्र खरा पाखरांचाच शिकारी आहे, त्याचं जवळजवळ सगळं खाणं म्हणजे पक्षी. मादी नरापेक्षा इतकी मोठी की वजनात जवळजवळ दुप्पट भरू शकते, त्यामुळं नर चिमणीएवढी पाखरं मारतो आणि मादी होल्या-पारव्यापर्यंत जाते. शिकारी पक्षी पाळणाऱ्या जुन्या लोकांच्या बोलीत तर नराला आणि मादीला नावंच वेगळी होती, मादी बाशा तर नर बाशीन, मादी शिक्रा तर नर चिपक, मादी बेसरा तर नर धोती. दुर्बिणी नव्हत्या त्या काळात हातावर घेऊन बघितलेले पक्षी आहेत हे, त्यांना फरक कळत होता.

शास्त्रीय नाव जुन्या पुस्तकात बघणाऱ्यांसाठी एक ओळ: पूर्वी हे सगळे ॲक्सिपिटर या एकाच प्रजातीत होते, पण २०२४ मध्ये ती फोडली, शिक्रा आणि बेसरा आता टॅकिस्पिझा मध्ये गेलेत, शेंडीवाला लोफोस्पिझा मध्ये, स्पॅरोहॉक तेवढा जुन्या नावात राहिला. पक्ष्यांच्या ॲपमध्ये नाव बदललेलं दिसलं तर घाबरू नका.

पावशा. याच्यावर वेगळं लिहायलाच पाहिजे. पेरते व्हा, पेरते व्हा म्हणत उन्हाळ्याच्या शेवटी ओरडणारा आपला पावशा हा कोकिळेच्या कुळातला, पण दिसायला, उडायला आणि बसायच्या आधी वर उसळी घ्यायला अगदी शिक्र्यासारखा. छातीवर तसेच पट्टे, राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपूट. त्याला यातनं काय मिळतं तर सातभाईंच्या घरट्यात अंडं घालायचं असतं, शिक्रा आला असं समजून पाखरं बिचकतात. तुम्हाला फसायचं नसेल तर चोच बघा, पावशाची सरळ आणि बारीक, आकड्यासारखी वाकडी नाही. डोळ्याभोवती पिवळं कडं. पाय आखूड, दोन बोटं पुढं दोन मागं, नख्या नाहीतच म्हणा. बसण्यातही फरक आहे, शिक्रा ताठ बसतो, पावशा पंख जरा खाली सोडून आडवा. मे-जूनमध्ये शिक्रा दिसला असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा चोच कशी होती तेच विचारतो.

आता खाण्याचं. शिक्रा म्हणजे पाखरांचा काळ असं लोक धरून चालतात, पण तो सरडे, पाली, उंदीर, खारीची पोरं, नाकतोडे असं काहीही उचलतो आणि पावसाच्या तोंडावर वाळवीला पंख फुटून ती वर उडायला लागते तेव्हा ती सुद्धा खातो. चिमण्या, चष्मेवाले, मुनिया हे मिळतील तेव्हा. झाडाखाली एका जागी पिसांचा गोल पडलेला दिसला तर बसून बघा, लई काही कळतं. पिसाचा दांडा मुळापासनं अखंड असेल तर शिकारी पक्ष्यानं ओढून काढलंय. दांडा चावून तुटलेला, पिसं ओली चिकटलेली असतील तर मांजर किंवा मुंगूस. आजूबाजूला वर एखादी आडवी जाड फांदी असेल तर तिथंच तो रोज आणून सोलत असेल, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला लांब उभं राहून बघा.

पाखरं खातो म्हणून त्याच्यावर राग धरणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात डीडीटी हे कीटकनाशक मारायला लागले, ते किड्यातनं पाखरात आणि पाखरातनं स्पॅरोहॉकमध्ये साठत गेलं, अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी घरट्यातच फुटायला लागली आणि पक्षी भराभर कमी झाले. डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश अभ्यासकानं जुन्या संग्रहातली कवचं तपासून १९६७ मध्ये हे दाखवून दिलं. आपल्या भागात उसाला, भाजीला काय काय फवारलं जातं ते आपण बघतोच. शेताच्या बांधावर शिक्र्याची जोडी दरवर्षी पोरं वाढवतीय म्हणजे खाली सरडे, किडे, पाखरं अजून धड आहेत, असं मी तरी धरतो.

घरटं मार्च ते जूनच्या दरम्यान, उंच झाडाच्या बेचक्यात, काटक्यांचं, कावळ्याच्या घरट्यासारखंच ओबडधोबड. अंडी तीन-चार. घरट्यापाशी मादी आणि खाणं आणायला नर ही या कुळातली नेहमीची वाटणी. सापडलं तर कुणाला सांगू नका, फोटोला लोकेशन लावू नका आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार तर अजिबात करू नका. तो दुसरा शिक्रा आपल्या हद्दीत आलाय समजून धावत येतो, तेवढा वेळ पिल्लं उघडी पडतात, आणि कावळे टपलेलेच असतात. मला हे फार लागतं, कारण एका घरट्याखाली रोज सात-आठ जण कॅमेरे घेऊन उभे राहायला लागले आणि आठवड्यात ती जोडी ते घरटं सोडून गेली, हे मी डोळ्यानं बघितलंय.

पाखराच्या मागं लागून शिक्रा खिडकीच्या काचेवर आपटतो हेही शहरात होतं. असा सापडला तर टॉवेल टाकून उचला, नख्यांपासनं हात सांभाळा, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी चोचीत ओतू नका, खायला घालू नका. तास-दोन तासात पुष्कळदा स्वतःच सावरतो. नाही सावरला तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६. घरात पाळायचा विचार करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

आमच्या पेठेत एक कबुतरवाले काका आहेत, गच्चीवर खुराडी, सत्तर-ऐंशी कबुतरं, आणि शिक्र्यावर त्यांचा जुना राग. कबुतर कमी झालं की दोष त्याचाच. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की काका, शिक्र्याचा नर तुमच्या कबुतराच्या निम्म्या वजनाचाही नाही, तो उडतं कबुतर कसं नेईल, तुम्ही एकदा कबुतरांकडंच बघत बसा. त्यांनी खरंच बघितलं. आता तेच मला सांगतात. शिक्रा समोरच्या आंब्यावर येऊन बसला तर कबुतरं माना वर करून बघतात, जरा सरकतात, आणि परत दाणे टिपायला लागतात. पण बहिरी ससाणा वर आला तर थवा एकदम गोळा होऊन, अगदी मुठीसारखा घट्ट होऊन, वर वर चढत जातो, खाली यायचं नावच घेत नाही. परवा सकाळी सहालाच त्यांचा फोन आला, "पोरा, गच्चीवर ये, कबुतरं गोळा झाल्यात." दुर्बीण घेऊन पळत गेलो, तर पूर्वेला टेंबलाईच्या बाजूला एक टोकदार पंखांचा ठिपका उन्हात फिरत होता.